‘किती?’ आणि ‘कोणासाठी?’ : यंत्राच्या बुद्धीचा प्रश्न आणि त्याचे मराठी-कन्नड संदर्भ

१

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की तो भाषांतरित आहे याचे भानही राहत नाही. डार्टमथ येथील १९५६च्या परिषदेच्या निमित्ताने रूढ झालेल्या इंग्रजी संज्ञेचा तो प्रतिशब्द होय. कन्नडमध्ये याच संज्ञेसाठी ‘कृतक बुद्धिमत्ते’ असा शब्द योजिला जातो. ‘कृत्रिम’ आणि ‘कृतक’ ही दोन्ही विशेषणे ‘कृ’ या एकाच धातूपासून सिद्ध झालेली असून दोन्हींना ‘केलेले’ आणि ‘बनावट’ अशा दुहेरी अर्थच्छटा आहेत. परिणामी चर्चा बहुधा विशेषणापाशीच खिळून राहते : यंत्राची बुद्धी खरी की बनावट? ‘बुद्धी’ हे नाम मात्र तपासावाचून स्वीकारले जाते.

हे नाम निरपवाद नाही. दर्शनपरंपरेत त्याला एक नेमका पारिभाषिक अर्थ आहे; विसाव्या शतकात मानसशास्त्राने त्याच शब्दावर दुसरा अर्थ बसविला. पहिल्या अर्थाचा मूलभूत प्रश्न ‘कोणासाठी?’ हा आहे, तर दुसऱ्याचा ‘किती?’ हा. यंत्राविषयीच्या आजच्या वादात पहिला प्रश्न लुप्त झाला आहे. तो मराठी वाङ्मयात कोठे टिकून राहिला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्याचा आरंभ मैसूरपासून करणे सोयीचे आहे. कारण बुद्धीचे हे दोन्ही अर्थ त्या एकाच शहरात शेजारी शेजारी नांदलेले दिसतात.

२

लंडन येथे चार्ल्स स्पिअरमन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून परतलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९२४ मध्ये मैसूर विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग उभा केला. निरनिराळ्या मानसिक कार्यांच्या मुळाशी एक मापनीय ‘सामान्य घटक’ असतो, हा सिद्धान्त स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडला होता. बुद्धी ही मोजण्याजोगी राशी आहे, ही कल्पना त्या परंपरेतून भारतीय विद्यापीठांत आली. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी बिने-पद्धतीच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी अनुकूलन केले. त्यांचा ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने या अनुकूलनाचे महत्त्व केवळ शैक्षणिक नाही. शब्दांचे अर्थ सांगणे किंवा वाक्यातील विसंगती ओळखणे यांसारखे प्रश्न एका भाषेतून दुसरीत शब्दशः नेता येत नाहीत. एका भाषेत जो शब्द घरातला, तो दुसरीत पोथीतला असू शकतो. म्हणजेच बुद्धीचे माप भाषेच्या मापापासून पूर्णतः सोडविता येत नाही. चाचणीतून बाहेर येणारा अंक मुलाविषयी जितके सांगतो, तितकेच प्रश्नकर्त्याने गृहीत धरलेल्या भाषेविषयीही सांगतो.

अॅलन टुरिंग यांच्या १९५०च्या निबंधातील प्रसिद्ध चाचणी याच मापनदृष्टीची पुढची पायरी आहे. टंकलिखित संवादावरून पलीकडचा माणूस आहे की यंत्र हे ओळखता आले नाही, तर यंत्राला विचारशक्ती नाकारण्याचे कारण उरत नाही, अशी तिची धारणा आहे. देह दृष्टीआड करून केवळ भाषा परीक्षेस ठेवण्याची ही युक्ती आहे. याच गोपालस्वामींनी १९३५ मध्ये आपल्या मैसूरमधील घरातून ‘आकाशवाणी’ या नावाचे नभोवाणी केंद्र चालविले होते, हा योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. देह न दिसता ऐकू येणारी वाणी पुराणात दैवी मानली जाई. आधुनिक काळात ती आधी यंत्रातून आली आणि नंतर यंत्राची झाली.

३

मैसूरच्या उत्तरेकडील गोकुलम या वसाहतीचे नाव आज जगभर ज्ञात आहे ते पट्टाभी जोइस (१९१५–२००९) यांच्या अष्टांगयोगामुळे. त्यांची योगशाळा २००२ मध्ये लक्ष्मीपुरम येथून गोकुलम येथे आली. ‘मैसूर पद्धत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासात प्रत्येक विद्यार्थी आसनांचा ठरलेला क्रम स्मरणाने, आपल्या श्वासाच्या लयीत करीत जातो. गुरू मध्ये येऊन हाताने दुरुस्ती करतो. या ज्ञानाची परीक्षा प्रश्नोत्तरांनी होत नाही. ते देहात मुरावे लागते.

या साधनेला आधारभूत असलेल्या सांख्य-योग दर्शनांत बुद्धी ही चेतन नाही, ही बाब यंत्रवादाच्या संदर्भात विलक्षण महत्त्वाची ठरते. प्रकृतीपासून प्रथम बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि त्यापासून मन व इंद्रिये असा क्रम सांख्यांनी लावला. निश्चय करणे हे बुद्धीचे कार्य. परंतु ती स्वतः जड असून पुरुषाच्या सान्निध्याने चेतनवत भासते. गीतेच्या तेराव्या अध्यायातही बुद्धीची गणना क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या गोष्टींत, केलेली आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने त्या क्षेत्राचे विस्तृत विवरण मराठीत आणले.

यावरून ‘यंत्राला बुद्धी असू शकते, हे आपल्या पूर्वजांनी मान्यच केले होते’ असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. सांख्यांची बुद्धी सूक्ष्म आहे. ती कोणी घडविलेली वस्तू नाही. शिवाय प्रकृतीचा सारा व्यापार पुरुषासाठी, त्याच्या भोग-मोक्षासाठी चालतो, असे ते मानतात. या व्यवस्थेत निश्चय करणारी जड बुद्धी कल्पिता येते. परंतु तो निश्चय कोणासाठी, हा प्रश्न टाळता येत नाही. मापनदृष्टीत नेमका हाच प्रश्न गळून पडतो.

४

महिपतींच्या ‘भक्तविजया’तून (१७६२) घरोघरी पोचलेली पैठणच्या रेड्याची कथा या प्रश्नाचे वाङ्मयीन रूप आहे. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली भावंडे शुद्धीसाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहतात आणि तेथे रेडा वेद म्हणू लागतो. जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये चिनी भाषेची खोली कल्पून, चिन्हांची अचूक मांडणी म्हणजे आकलन नव्हे, असा आक्षेप टुरिंगप्रणीत भूमिकेवर घेतला. वरवर पाहता रेडा हा त्या खोलीचाच पूर्वावतार वाटतो : उच्चार निर्दोष, अर्थबोधाचा पुरावा नाही.

परंतु साम्य येथेच संपते. सर्ल यांचा रोख खोलीतील व्यक्तीला काय कळत नाही हे दाखविण्यावर आहे. पैठणच्या कथेचा रोख परीक्षकांवर आहे. वेदोच्चाराचा अधिकार हीच श्रेष्ठत्वाची खूण असेल, तर ती खूण रेड्याच्या मुखातूनही प्रकट होऊ शकते. मग ज्या मापाने मुलांना नाकारले, त्या मापाचे काय? रेडा बुद्धिमान आहे असे कथा कोठेही म्हणत नाही. तो कोणासाठी बोलला, एवढेच ती सांगते. बुद्धीची किंवा शुचितेची कसोटी ही नेहमी कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे याची कसोटी असते, हे या कथेला कळलेले आहे.

५

आधुनिक मराठीत हा प्रश्न कादंबरीच्या पातळीवर हाताळला तो जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या, स्वतःची आद्याक्षरे उलटी केलेल्या नावाने पाठविली होती. लेखक झाकून केवळ लेखन परीक्षेस ठेवण्याचा तो एक प्रयोगच म्हणावा लागेल.

‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबरीत लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा जमिनीखाली सापडतो आणि त्यातील ज्ञानाच्या आधारे वामन हा यंत्रमानव घडविला जातो. वामनाची बुद्धी ही येथे समस्या नाही. ती गृहीतच आहे. भय उत्पन्न होते ते त्या बुद्धीला स्वतःचा हेतू असण्याच्या शक्यतेमुळे. सांख्यांच्या परिभाषेत सांगायचे, तर कादंबरीचा उंबरठा जडापासून बुद्धीकडे जाण्याचा नाही, बुद्धीपासून अहंकाराकडे जाण्याचा आहे.

नावाची निवडही अर्थगर्भ आहे. पुराणकथेतील वामन बटू लहानसे दान मागतो आणि देणारा बळी सर्वस्व गमावतो. यंत्राला वामन म्हटले की मानवजात आपोआप बळीच्या जागी येते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बळी हा पराभूत असुर म्हणून आठवला जात नाही. बलिप्रतिपदेला त्याच्या राज्याची आस धरली जाते. त्यामुळे या भाषांतील वाचकाची सहानुभूती दात्याकडे वळते. इंग्रजी आवृत्तीचे शीर्षक मात्र ‘द रिटर्न ऑफ वामन’ असे आहे. याच शीर्षकाने ती २०१५ मध्ये स्प्रिंगरतर्फे पुन्हा प्रसिद्ध झाली. एका भाषेत न परतणे, दुसरीत परतणे. इंग्रजी शीर्षक संकटाचे नाव घेते. मराठी शीर्षक त्या संकटाचा नकार सांगते. ‘न आला’ या भूतकाळी रूपात सुटकेचा निःश्वास आहे, तसाच तो येऊ शकला असता हा स्वरही आहे.

६

भाषानिर्मिती हीच बुद्धीची खूण मानण्याचे परिणाम यंत्रापुरते मर्यादित राहत नाहीत. आज यंत्रे मराठीत आणि कन्नडमध्ये सफाईदार वाक्ये रचतात. त्याच मैसूरमध्ये मानसगंगोत्री येथे १९६५ पासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था कार्यरत आहे. मेंदूच्या आघाताने वाचा गेलेल्या व्यक्तींवर होणारे उपचार हे तिच्या कार्याचे एक अंग आहे. अशा वाचाघाताच्या काही प्रकारांत रुग्णाला बोलता येत नाही, पण बोललेले बरेचसे समजत असते. संवादाच्या चाचणीत यंत्र उत्तीर्ण होईल आणि हा माणूस अनुत्तीर्ण ठरेल. चूक त्या दोघांपैकी कोणाचीही नाही. चूक मापाची आहे.

यंत्राला बुद्धी असू शकेल का, या प्रश्नाचे ‘किती?’च्या परिभाषेतील उत्तर बहुधा होकारार्थी येत जाईल. ‘निश्चय करण्याची क्षमता’ एवढाच बुद्धीचा अर्थ घेतला, तर ते नाकारण्याची निकड सांख्यालाही भासणार नाही. परंतु पैठणची कथा आणि नारळीकरांची कादंबरी या भिन्न काळांतील, भिन्न श्रद्धांच्या कृती एका ठिकाणी मिळतात : माप लावणाऱ्याने आपले माप आधी तपासावे आणि ते कोणासाठी लावले जात आहे ते सांगावे. ‘कृत्रिम’ की ‘कृतक’ हा वाद त्यानंतरचा आहे.