फुटकं भांडं कुणाचं?

नेकचंदबद्दल आपल्याकडंही फार गोड बोललं जातं. टाकाऊतून टिकाऊ! हे शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचं कौतुक झालं. त्यानं माणूस कळत नाही अन् कामही.

१९२४ चा जन्म, गाव आज पाकिस्तानात. फाळणीत ते सुटलं. पुढं चंडीगढला सरकारी रस्ते-निरीक्षक. कलाशाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कार्बूझिएच्या नव्या शहरासाठी जुनी खेडी पाडली, त्या पाडापाडीतल्या फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरश्या हा गडी सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेई अन् रात्री शिल्पं घडवी. जमीन सरकारी, म्हणजे काम बेकायदा. बऱ्याच वर्षांनी बिंग फुटलं. पाडायची भाषा झाली, लोक आडवे आले. १९७६ ला बाग खुली झाली. त्याला पगार अन् ५० मजूर मिळाले.

मला त्याच्या रांगा आवडतात. शेकडो माणसं, अंगभर काचा, चेहरे जवळपास सारखे. एकट्यानं चौथऱ्यावर चढून मिरवणं नाही. जमावच उभा आहे.

पण मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचा वाटा लिहून ठेवलाय: मढ्यावरचं कापड, फुटक्या भांड्यात जेवण, लोखंडाचे दागिने. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळला गेला. आपल्याला फुटकं भांडं 'सापडलेलं' नाही, ते माथी मारलेलं आहे. नेकचंद सैनी, शेतकरी जातीचा. खापर उचलणं ही त्याची निवड होती. औरंगपुऱ्यात भल्या पहाटे पोतं घेऊन काच-पत्रा वेचणाऱ्या मावशीला कुणी निवड विचारली? तोच तुकडा त्याच्या हातात कला अन् हिच्या हातात घाण!

म्हणून 'दलित कलावंतानं भंगारातच काम करावं, तेच अस्सल' हा सल्ला मला साफ नामंजूर. ब्राँझ काय त्यांच्या बापाचं आहे? संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघांनी १९६७ साली ब्राँझमध्येच उभा केला. ज्याला भंगार हवं त्यानं खुशाल घ्यावं, पण हिशेब मांडून घ्यावं. नेकचंदकडून उचलायचंच तर न विचारता जागा धरण्याची त्याची छाती उचला.

अन् ते ५० मजूर? १९८४ ची पद्मश्री एकट्या नेकचंदला. मी वाचलेल्या एकाही कौतुकाच्या लेखात सिमेंट कालवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही.