‘संगीत शारदा’तील वाङ्निश्चय : दिलेला शब्द आणि न विचारलेली मुलगी

बीजसंज्ञा : वाङ्निश्चय, वाग्दान, साखरपुडा, सगोत्र विवाह, कन्याविक्रय, संमती.

प्रस्तावना :

गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकाला मराठी रंगभूमीच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. देवलांची इतर नाटके संस्कृत वा पाश्चात्त्य कृतींवर आधारलेली असून ‘शारदा’ हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक होय. जरठ-बाला विवाहाच्या दुष्ट चालीवर प्रहार करणारे सामाजिक नाटक म्हणून ते अभ्यासक्रमात नेमले जाते आणि बहुधा त्याच चौकटीत शिकविले जाते. हे आकलन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

या वाटण्यास वर्गातील एक प्रसंग निमित्त झाला. नाटकाचा शेवट शिकवून झाल्यावर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, त्या दोघांचं गोत्र वेगळं असतं तर?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देताना नाटकाच्या रचनेतील एक मूलभूत अडचण समोर आली. भुजंगनाथाशी ठरलेला विवाह मोडतो तो शारदेला तो नको होता म्हणून नव्हे. वर आणि वधूपिता एकाच गोत्राचे निघतात म्हणून. सदर लेखात या अडचणीचा विचार वाङ्निश्चयाच्या, म्हणजेच विवाह ठरविण्याच्या, इतिहासाच्या आधारे केला आहे.

वाङ्निश्चय : शास्त्राचार आणि लोकाचार

महाराष्ट्रात विवाह ठरविण्याच्या दोन परंपरा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. एक शास्त्राचाराची. वाङ्निश्चय हा तीतील विधी होय. वधूपिता कन्या देण्याचा आणि वरपिता ती स्वीकारण्याचा शब्द देतो. नारळ-सुपारीची देवघेव होते. देव, ब्राह्मण व आप्त यांना साक्षी ठेवले जाते. दुसरी परंपरा लोकाचाराची. मुलगी पाहणे, पत्रिका जुळविणे, देण्याघेण्याची यादी करणे, सुपारी फोडणे, कुंकू लावणे आणि साखरपुडा असा तिचा क्रम प्रदेशपरत्वे व जातिपरत्वे बदलतो. साखरपुड्यात वरपक्षाकडून मुलीला कुंकू लावून साडी व साखरेचा पुडा दिला जातो. अंगठीची देवाणघेवाण ही त्यात पडलेली अलीकडची भर होय.

या दोन्ही परंपरांत एक समान सूत्र आहे. बोलणारे दोन पक्ष असतात आणि मुलगी त्यांपैकी एकही नसते. ‘वाक्’ म्हणजे वाणी. वाङ्निश्चय म्हणजे वाणीने केलेला निश्चय. ज्या विधीचे नावच वाणीवरून पडले आहे, त्यात जिचे आयुष्य ठरते तिच्या वाणीला स्थान नाही. ती विधीत उपस्थित असते, पूजिली जाते, परंतु बोलत नाही.

या शब्दाचे बंधन किती, याविषयी धर्मशास्त्रात एकवाक्यता नाही. कन्या एकदा एकाला दिल्यावर दुसऱ्याला देऊ नये, असे मनुस्मृती सांगते. वाग्दानानंतर नियोजित वर मरण पावल्यास तिने त्याच्या धाकट्या भावाशी संबंध करावा, अशीही तीत तरतूद आहे. मात्र विवाह पूर्ण होतो तो सप्तपदीच्या सातव्या पावलाला, असेही तीच स्मृती म्हणते. याज्ञवल्क्यस्मृतीने तर अधिक चांगला वर आल्यास दिलेला शब्द परत घेण्याची मुभा ठेवली आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या मतमतांतरांचा सविस्तर परामर्श आढळतो. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, शब्द मोडण्याची ही मुभा पित्याला आहे, मुलीला नाही.

वाग्दानाचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात केवळ पंडितांच्या चर्चेचा राहिला नव्हता. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतील वचनाच्या आधारे विधवाविवाहाचा पुरस्कार केला, तेव्हा ते वचन विवाहितेला नव्हे तर केवळ वाग्दत्तेला लागू आहे, असा प्रतिवाद सनातनी पक्षाने केला. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला; तरीही १८७० साली पुण्यात विष्णुशास्त्री पंडित आदी सुधारकांना याच विषयावर शंकराचार्यांसमोर वाद करावा लागला. वाग्दत्ता कोण आणि विवाहिता कोण, या भेदावर असंख्य स्त्रियांचे आयुष्य अवलंबून होते. ‘शारदा’ नाटकाचा प्रेक्षक या वादांच्या वातावरणात वाढलेला होता.

नाटकातील सौदा :

कांचनभटाच्या नावातच देवलांनी त्याचा स्वभाव सांगितला आहे. धनलोभापायी तो आपली अल्पवयीन मुलगी पंचाहत्तरीच्या घरातल्या श्रीमंत भुजंगनाथास देण्यास तयार होतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोन्ही बाजू सांभाळत हा व्यवहार जुळवितो. विवाह ठरविण्याच्या लोकाचारात मध्यस्थाचे स्थान सर्वमान्य आहे. देवलांनी त्याला दलालाच्या पातळीवर आणून ठेवले आणि त्यायोगे संपूर्ण व्यवहाराचे स्वरूप उघड केले. मनुस्मृतीने कन्येचे अल्पही शुल्क घेणाऱ्या पित्यास अपत्यविक्रेता ठरविले आहे. म्हणजेच भुजंगनाथ-कांचनभट यांचा सौदा शास्त्रदृष्ट्याही निंद्य होता. पण निंद्य असणे वेगळे आणि थांबविता येणे वेगळे.

तत्कालीन न्यायालयांची भूमिकाही अशीच अर्धवट होती. वाग्दत्त मुलीस विवाह करण्यास न्यायालय भाग पाडू शकत नाही, शब्दभंगाबद्दल फार तर नुकसानभरपाई मागता येते, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्य केले होते. मुलीच्या विवाहास संमती देण्याबद्दल पालकास पैसे देण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचा निर्णयही याच न्यायालयाने १८९७ साली, म्हणजे ‘शारदा’पूर्वी दोनच वर्षे, दिला होता. परंतु करार निरर्थक ठरला तरी एकदा लागलेले लग्न त्यामुळे निरर्थक ठरत नव्हते. पैसा बुडाला तर पित्याचा बुडेल. मुलगी मात्र अडकलेलीच राहील, अशी ही स्थिती होती.

शारदेला हा विवाह नको आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तिची भीती, तिच्या मैत्रिणींचा उपहास आणि आईची तगमग यांतूनच नाटकातील करुण आणि हास्य यांचा गोफ विणला जातो. देवलांची पदे आजही लोकांच्या ओठांवर आहेत, ती या उत्कटतेमुळेच. तथापि शारदेचा नकार ज्या ठिकाणी व्यक्त होतो ती ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. तो मैत्रिणींपाशी, आईपाशी आणि स्वतःपाशी व्यक्त होतो. जेथे शब्द दिला-घेतला जातो, त्या बैठकीत त्याला प्रवेश नाही. आईलाही तेथे मत नाही. नाटकभर शारदा गाते. पण वाङ्निश्चयाच्या जागी ती मुकी आहे.

सुटकेचे स्वरूप :

विवाहविधीच्या वेळी कोदंड सगोत्रत्वाचा मुद्दा पुढे आणतो आणि विवाह थांबतो. पुढे जीव देऊ पाहणाऱ्या शारदेला तोच वाचवितो आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचा विवाह ठरतो. या शेवटाचे समर्थन करता येते. सनातनी समाजाला त्याच्याच शास्त्राने पराभूत करण्याची ही युक्ती आहे. १८९९ च्या प्रेक्षकाला मुलीच्या इच्छेचा मुद्दा जितका पटला नसता, तितका गोत्राचा मुद्दा निर्विवाद वाटला असता. नाटककार म्हणून देवलांचे व्यवहारज्ञान येथे दिसते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु याच युक्तीची किंमतही मोजावी लागली आहे. विवाह अयोग्य ठरतो तो वयामुळे नाही, पैशामुळे नाही, नकारामुळे तर नाहीच. शारदा सुटते ती एका तांत्रिक दोषामुळे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे नाटकातून मिळणारे प्रामाणिक उत्तर असे की, गोत्र वेगळे असते तर शारदा भुजंगनाथाची पत्नी झाली असती. शिवाय विवाह मोडल्यानंतरही तिची सुटका होत नाही. मांडवातून उठलेल्या मुलीला जीव देण्याखेरीज मार्ग दिसत नाही. सप्तपदीने बांधले नाही, तरी दिलेल्या शब्दाने तिला बांधलेच होते. या एका प्रसंगात देवलांनी वाङ्निश्चयाचे खरे बळ दाखविले आहे आणि माझ्या मते तो नाटकाचा सर्वांत कठोर क्षण आहे.

‘शारदा’नंतर :

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हटले जात असल्याने त्याचा या नाटकाशी संबंध जोडण्याचा मोह होतो. वस्तुतः ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. कायद्याच्या इतिहासात नाटकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष १९४६ हे आहे. त्या वर्षीच्या कायद्याने सगोत्र विवाह वैध ठरविले आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही गोत्राचे बंधन ठेवले नाही. म्हणजे ज्या एका कारणाने शारदा वाचली, ते कारणच आज उरलेले नाही. आज तिला वाचवील ते तिचे वय आणि तिची संमती. वयाची किमान मर्यादा १९७८ पासून मुलीसाठी १८ वर्षे आहे. पण वरवधूंच्या वयातील अंतरावर कायद्याची मर्यादा नाही. बळजबरीने वा फसवणुकीने संमती घेतली असल्यास विवाह रद्द करून मागता येतो. मात्र घरातल्या घरात, प्रेमाने आणि अश्रूंनी मिळविलेल्या होकाराचे मोजमाप कोणत्या न्यायालयात होणार?

या संदर्भात विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) आठवते. तेथे ज्योती आपला शब्द स्वतः देते. वडील नाथ देवळालीकर त्यास उत्साहाने पाठिंबा देतात. विवाह दुःखाचा ठरतो, तरी ती परत फिरत नाही. शारदेला शब्द देण्याचा अधिकार नव्हता. ज्योतीला तो आहे, पण दिलेला शब्द मागे घेण्याची वाट तिलाही मोकळी वाटत नाही. ही दोन नाटके शेजारी ठेवून शिकविली तर विवाह ठरविण्याचा प्रश्न केवळ ‘जुन्या काळचा’ राहत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) ‘संगीत शारदा’ हे जरठ-बाला विवाहाचे नाटक आहे, तितकेच ते वाङ्निश्चयाचे नाटक आहे. त्यातील अन्यायाचा उगम विवाहात नसून विवाह ठरविण्याच्या पद्धतीत आहे.

२) सगोत्रत्वाचा आधार ही देवलांची नाट्यदृष्ट्या प्रभावी, परंतु विचारदृष्ट्या मर्यादित योजना आहे. मुलीच्या नकाराला स्वतंत्र बळ देणारी जागा तत्कालीन शास्त्रात, रूढीत वा न्यायालयात नव्हती. नाटकालाही ती निर्माण करता आली नाही.

३) हे नाटक ‘संपलेल्या’ प्रथेचा दस्तऐवज म्हणून शिकविणे गैर आहे. प्रथा कायद्याने बदलली. शब्द कोण देतो, हा प्रश्न बदललेला नाही.

प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात आली, तेव्हा तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती. मैत्रिणी तिचे अभिनंदन करीत होत्या, मीही केले. तिला कुणी विचारले होते का, हे विचारावे असे मनात आले, पण विचारले नाही. ‘शारदा’ शिकविणाऱ्या आपण अध्यापकांनी किमान तेवढे विचारावयास हवे, असे आता वाटते.