लाल शाईची परीक्षा

शाळेत लाल शाईचे काम परीक्षा घेण्याचे. चूक-बरोबरच्या खुणा, गुण, शेरे, हजेरीपत्रकातले रविवार आणि सुट्ट्या, जनरल रजिस्टरातल्या दुरुस्त्या हे सारे ती करते. तिची स्वतःची परीक्षा मात्र सहसा कोणी घेत नाही. बाटली संपली की दुसरी आणायची, एवढाच तिचा विचार होतो. शिक्षकांच्या हातात रोज असणारा हा पदार्थ रसायनशास्त्राच्या दृष्टीने कसा आहे, कोणत्या कामाला योग्य आणि कोणत्या कामाला अयोग्य आहे, हे या परीक्षणात पाहू.

परीक्षणासाठी फाउंटन पेनच्या लाल शाईची बाटली मुद्दाम खेड्याच्या बाजारातून घेतली. तिसगाव हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातले, कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव. तेथील स्टेशनरीच्या दुकानात जी बाटली मिळाली तीच घेतली. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या एका कारखान्याचे नसून लाल शाईच्या जातीचेच आहेत.

प्रथम गुण. शाई पातळ आहे, निबेतून सहज उतरते आणि पेन दोन दिवस पडून राहिला तरी पहिल्या ओळीला अडत नाही. रंग उजळ आहे. निळ्या अक्षरांच्या दाटीतही खूण लांबून दिसते. साध्या वहीच्या कागदावर ती थोडी फुटते, अक्षराच्या कडेला केसासारखे फाटे येतात. त्याचा दोष निम्मा कागदाकडे जातो. ज्या कागदाला खळ कमी, त्याच्या तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांत शाई केशाकर्षणाने पसरते. त्याच शाईने चांगल्या बाँड कागदावर लिहिले तर कडा स्वच्छ येतात. वह्या तपासण्याच्या कामात या शाईला मी चांगले गुण देईन.

आता ही शाई कशाची आहे ते पाहू. बाटलीवर रंगाचे नाव, आकारमान आणि किंमत आहे. रंजकाचे नाव नाही. पण ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात शाईचा एकच थेंब टाका व ढवळा. पेल्यामागे काळा कागद धरा आणि बाजूने ऊन येऊ द्या. गुलाबी दिसणाऱ्या पाण्यातून हिरवट-पिवळी झाक उजळलेली दिसेल. हे अनुस्फुरण होय. आता लिंबाच्या रसाचे काही थेंब टाका. झाक विझते आणि गुलाबी रंग फिकट नारिंगीकडे झुकतो. मग धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला. रंग आणि झाक दोन्ही परततात. तिसगावच्या बाटलीने ही दोन्ही लक्षणे दाखवली. लाल शाईत पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या ‘इओसिन’ या रंजकाची ती लक्षणे आहेत.

इओसिनचा जन्म जर्मनीतला. अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसीन हा तेजस्वी पदार्थ तयार केला. त्याच्या रेणूत ब्रोमीनचे चार अणू बसवले की इओसिन होते. हाइनरिश कारो यांनी ते तयार केले आणि १८७४ मध्ये ते बाजारात आले. नाव ग्रीकांच्या उषादेवीवरून, ‘इओस’वरून पडले. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत ऊतींचे पातळ काप रंगवताना आजही हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन ही जोडी वापरतात. सूक्ष्मदर्शकातली गुलाबी पार्श्वभूमी ती याचीच. शाईत असते ते इओसिनचे सोडियम लवण. ते पाण्यात उत्तम विरघळते आणि शाईची सारी सोय या विद्राव्यतेवर उभी आहे.

महाराष्ट्रातल्या शाईच्या धंद्याची सुरुवातही याच गुणावर झाली. दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या काढल्या. पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि ‘कॅमलिन’ हे नाव घरोघर झाले. (२०११ मध्ये या कंपनीतील मोठा हिस्सा जपानच्या ‘कोकुयो’ने घेतला.) गोळी दौतीत टाकायची, पाणी ओतायचे, की शाई तयार. रंजक पाण्यात पूर्ण विरघळते म्हणूनच हे जमते. पण जे पाण्यात सहज विरघळते ते कागदावर वाळल्यावरही पाण्यात सहज विरघळणारच. लाल शाईचा मोठा गुण आणि मोठा दोष असे एकाच मुळातून आलेले आहेत.

दोष तपासण्यासाठी त्या बाटलीतल्या शाईने तीन पट्ट्या लिहिल्या. पहिलीवर चोवीस तासांनी पाण्याचा थेंब सोडला. अक्षर जागेवरून सुटले आणि थेंबाच्या कडेला गुलाबी वर्तुळ उमटले. दुसरी पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून तिसगावच्या उन्हात, खिडकीच्या बाहेरच्या अंगाला लावली. आठवड्याने कागद काढला तेव्हा झाकलेला भाग लाल होता आणि उघडा भाग स्पष्टपणे फिकटला होता. तिसरी पट्टी मिटलेल्या वहीत ठेवली. तिच्यात फरक जाणवला नाही. हे तिन्ही प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतील. निळी, काळी, बॉलपेनची अशा आणखी पट्ट्या शेजारी लावल्या तर तुलना होईल आणि विद्यार्थी दर दिवशी नोंद ठेवतील.

उन्हात रंग का उडतो? इओसिनचा रेणू हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून तो आपल्याला लाल दिसतो. शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग प्रकाशरूपाने परत येतो, तीच पेल्यातली झाक. पण ब्रोमीनच्या जड अणूंमुळे बरेच रेणू जास्त वेळ उत्तेजित अवस्थेत अडकून राहतात आणि आपली ऊर्जा हवेतल्या ऑक्सिजनला देतात. असा क्रियाशील झालेला ऑक्सिजन इओसिनच्याच रेणूवर चालून जातो. रेणू मोडला की रंग गेला.

याची जगप्रसिद्ध साक्ष चित्रकलेत आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८९० मध्ये आयरिस आणि गुलाबांची चित्रे काढली, तेव्हा गुलाबी छटांसाठी इओसिनपासून केलेला लाल रंग वापरला. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील आयरिसच्या चित्राची गुलाबी पार्श्वभूमी जवळपास पांढरी दिसते आणि गुलाबही पांढरे वाटतात. २०१५ मध्ये त्या संग्रहालयाने ही चित्रे एकत्र मांडून त्यांचे मूळ रंग कसे असावेत हे दाखवले.

मग टिकाऊ लाल शाई का करत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. जुन्या दप्तरी शाईचा टिकाऊपणा लोहातून येई. मायफळासारख्या पदार्थातील टॅनिन आणि लोहाचे लवण यांची शाई कागदावर हवा लागल्यावर काळी, अविद्राव्य होऊन तंतूंना धरून बसते. ती फिकटली तरी लोह कागदातच राहते, त्यामुळे अतिनील प्रकाशात अक्षर पुन्हा वाचता येऊ शकते. पण या संयुगाचा रंगच निळा-काळा. त्याची लाल शाई होणे शक्य नाही. भारतीय मानकांतही ही विभागणी दिसते. लोह-टॅनिन शाईसाठी आयएस २२० हे मानक आहे. लाल शाई मात्र आयएस १२२१ या, रंजकावर आधारलेल्या शायांच्या मानकात येते.

आपल्या पोथ्यांमधले लाल दंड आणि शीर्षके शतकानुशतके टिकली, त्याचे कारण हिंगूळ. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. ते पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण डिंकाच्या साहाय्याने कागदावर बसवतात. बोरूला असे कण चालत, फाउंटन पेनची अरुंद वाट मात्र ते बंद करतील. शिवाय हिंगूळ विषारी आहे. अलीकडे अतिसूक्ष्म रंगकणांच्या शाया मिळतात, पण पेन वेळेवर धुतला नाही तर त्या आत वाळून बसतात. लाल बॉलपेन पाण्याला बराच टिकतो. उन्हापुढे त्याचाही भरवसा धरू नये.

येथे प्रश्न सोयीपुरता उरत नाही. अनेक शाळांत जनरल रजिस्टरातील नाव, जात किंवा जन्मतारखेची दुरुस्ती लाल शाईने करून शेजारी मुख्याध्यापक सही करतात. त्या नोंदीवरून शाळा सोडल्याचा दाखला निघतो आणि पुढच्या पिढ्यांना जातपडताळणीतही तीच लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींसाठी दशकांपूर्वीची दप्तरे चाळली गेली, त्यांत शाळांची रजिस्टरेही होती. अशा वेळी रजिस्टरावर एकदा छत गळलेले असले, तर खोडलेली जुनी काळी नोंद शाबूत राहील आणि खरी ठरलेली लाल दुरुस्ती वाहून गेलेली असेल. चूक टिकावी आणि दुरुस्ती नाहीशी व्हावी, असा हा उलटा न्याय होईल.

म्हणून दुरुस्तीचा मजकूर, तारीख आणि सही टिकाऊ काळ्या शाईने करावी. लाल हवीच असेल तर अधोरेखनापुरती किंवा चौकटीपुरती वापरावी. ती उडाली तरी माहिती जाणार नाही. आधीच्या लाल नोंदींची मुख्याध्यापकांनी साक्षांकित प्रत करून ठेवावी आणि रजिस्टर ऊन व ओल या दोन्हींपासून दूर ठेवावे. पेनाबाबत एक सूचना: निळी किंवा निळी-काळी शाई संपल्यावर त्याच पेनात लाल भरू नये. या शाया पुष्कळदा अम्लधर्मी असतात आणि अम्लात इओसिन अविद्राव्य होऊन साका धरते. लिंबाच्या प्रयोगात शाईचे प्रमाण जास्त घेतले तर हा साका दिसेल. आधी पेन पाण्याने स्वच्छ धुवावा.

कारखानदारांकडे मागणी एकच. बाटलीवर दोन ओळी छापाव्यात: ‘ही शाई पाण्याने व उन्हाने जाते. कायम नोंदींसाठी वापरू नये.’ याला खर्च नाही, आणि शाईची विक्रीही घटणार नाही. वर्षाअखेर रद्दीत जाणाऱ्या वह्यांना ती उत्तमच आहे. निकाल द्यायचा तर वह्या तपासण्याच्या विषयात लाल शाई पहिल्या वर्गात उत्तीर्ण, कायम नोंदींच्या विषयात अनुत्तीर्ण. फेरपरीक्षेला बसवण्यात अर्थ नाही. तिच्या रेणूची घडणच तशी आहे.