उभयान्वयी नर्मदा आणि भूगोलाचा वर्ग : जबलपूरच्या संदर्भात काही विचार

माध्यमिक शाळेतील जगाचा भूगोल कोणत्या साधनांनी शिकवावा, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या कक्षेत येतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे, असे सहसा कोणी सुचवीत नाही. परंतु भूगोलाचे पाठ्यपुस्तक ही एक संहिताच असते. तिला निवेदक असतो, दृष्टिकोन असतो, क्रियापदांची विशिष्ट निवड असते, आणि काय सांगायचे व काय वगळायचे याविषयीची एक अबोल भूमिका असते. या संहितेचे वाचन तिच्याशेजारी उभ्या असलेल्या साहित्यकृतींच्या संगतीने केले तर काय हाती लागते, हे जबलपूर या एका ठिकाणाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

जबलपूरची निवड यदृच्छेने केलेली नाही. 1798 मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच हे शहर होते, आणि त्या प्रांतात हिंदीबरोबर मराठीही राज्यकारभाराची भाषा होती. आज जबलपूरच्या मराठी घरातील मूल भूगोल शिकते ते हिंदीतून किंवा इंग्रजीतून. त्याची घरची परिभाषा आणि शाळेची परिभाषा यांत जे अंतर पडते, ते तौलनिक अभ्यासकाला दुर्लक्षणीय वाटू नये.

एकच उदाहरण घ्यावे. ‘खाडी’ हा शब्द मराठीत नदीच्या मुखाशी जेथवर भरतीचे पाणी आत येते त्या भागाला लावतात. हिंदीत मात्र ‘खाड़ी’ म्हणजे उपसागर किंवा आखात. मराठीतला बंगालचा उपसागर हिंदीत ‘बंगाल की खाड़ी’ होतो आणि खंबायतचे आखात ‘खंभात की खाड़ी’. मराठीत ज्याला नदीची खाडी म्हणतात, त्यासाठी हिंदी पाठ्यपुस्तक ‘ज्वारनदमुख’ असा भारदस्त समास योजते. तेव्हा नर्मदा त्रिभुज प्रदेश निर्माण करीत नाही, खाडी निर्माण करते, हे मराठीतील साधे विधान शब्दशः हिंदीत नेले तर नदीने सबंध आखातच निर्माण केले, असा अर्थ होईल. उलट ‘खचदरी’ या मराठी शब्दात ‘खचणे’ हे रोजच्या वापरातले क्रियापद जिवंत आहे. पावसाळ्यात भिंत खचते, विहीर खचते, तशी दोन प्रस्तरभंगांमधली भूमी खचली, ही प्रक्रिया शब्दच सांगतो. ‘भ्रंश घाटी’ हा पर्याय अचूक आहे, पण पाठ करावा लागतो. जबलपूरच्या वर्गातील मराठी विद्यार्थी या दोन्ही परिभाषांच्या मध्ये उभा असतो. ही त्याची अडचण मानली जाते. तिचा साधन म्हणून उपयोग झाल्याचे सहसा दिसत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2005 च्या अभ्यासक्रम आराखड्यानंतर 2006 मध्ये काढलेल्या नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात, ‘समकालीन भारत’मध्ये, नर्मदेला एक परिच्छेद मिळाला होता. अमरकंटकचा उगम, खचदरीतून पश्चिमेकडचा प्रवाह, जबलपूरजवळचे संगमरवरी खडक, धुआंधार धबधबा, एवढा त्याचा ऐवज. माहिती निर्दोष आहे. प्रश्न निवेदनाचा आहे. नदी समुद्राकडे जाता जाता अनेक ‘नयनरम्य’ स्थळे घडविते, अशा आशयाचे विधान तेथे येते आणि भेडाघाट या नयनरम्यतेचा दाखला ठरतो. हा शब्द भूगोलाचा नव्हे. तो प्रवासी मंडळींचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत चित्रमय निसर्गाची जी सौंदर्यकल्पना रूढ झाली, तिच्याच परंपरेत कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील 1871 च्या ग्रंथातील भेडाघाटचे वर्णन बसते. होडीतून दोन्ही काठांचे शुभ्र कडे पाहणारा तो डोळा पाठ्यपुस्तकाने नकळत उसना घेतला आहे. परिणाम असा की जबलपूरच्या मुलाला त्याचा रोजचा घाट पर्यटकाच्या नजरेने पाहायला शिकविला जातो. पंचवटी घाटावर होडी चालविणारा किंवा संगमरवराच्या लहान मूर्ती घडविणारा त्या परिच्छेदात नाही. धबधबा का मागे सरकतो, कठीण व मृदू खडकांची मांडणी तेथे कशी आहे, हे प्रश्नही त्या रमणीयतेच्या पडद्याआड जातात.

याच मालिकेतील नववीच्या ‘स्पर्श’ या हिंदी पुस्तकात काकासाहेब कालेलकरांचा चिखलावरचा निबंध, ‘कीचड़ का काव्य’, होता. ज्या चिखलाला आपण नाक मुरडतो त्यातूनच आपले अन्न उगवते, हे त्याचे सूत्र. आणि त्यात खंबायतजवळच्या मही नदीच्या मुखापाशी पसरलेल्या अफाट गाळाचे वर्णन येते. म्हणजे भूगोलाच्या तासाला विद्यार्थी वाचतो की नर्मदा त्रिभुज प्रदेश निर्माण करीत नाही, आणि हिंदीच्या तासाला वाचतो की नर्मदा ज्या आखाताला मिळते त्याच आखातात गाळाला अंत नाही. मग हा गाळ असूनही त्रिभुज प्रदेश का नाही? भूगोलाच्या शिक्षकाला याहून चांगला प्रश्न कोणी आयता आणून देणार नाही. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी भारताच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. गाळ येतो, पण पाण्याच्या त्या येरझारांत तो नदीच्या मुखाशी स्थिर होऊन साचत नाही, आखातभर पसरतो. येथून इंग्लंडमधील सेव्हर्नच्या खाडीकडे किंवा कॅनडातील फंडीच्या उपसागराकडे जाता येते, आणि उलट बाजूने नाईल, मिसिसिपी, गंगा-ब्रह्मपुत्रा यांच्या मुखांकडेही. जगाचा भूगोल असा एका चिखलातून उलगडू शकतो. मात्र दोन पुस्तके, दोन तास आणि दोन शिक्षक यांच्यामध्ये हा प्रश्न हरवतो. ‘कीचड़ का काव्य’खालच्या स्वाध्यायांना शब्दार्थ आणि आशय यांपलीकडे जाण्याची सवड नसते, भूगोलाच्या पुस्तकाला ‘काव्य’ या शब्दाचेच वावडे.

कालेलकर हे या चर्चेत केवळ सोयीचे उदाहरण नाहीत. साताऱ्यात 1885 मध्ये जन्मलेला हा मराठी लेखक गुजराती गद्याचा शैलीकार झाला आणि हिंदीतही वावरला. भारतातल्या नद्यांवरील त्यांचे लेखन या तिन्ही भाषांतील वाचकांपर्यंत पोचले. नर्मदेवरील लेखाला त्यांनी ‘उभयान्वयी नर्मदा’ असे नाव दिले. मराठी वाचकाला हे शीर्षक तत्काळ उमगते. शाळेच्या व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणजे ‘आणि’, ‘व’, ‘परंतु’. दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणारा शब्द. गुजराती व्याकरणालाही ही संज्ञा परिचित आहे. हिंदी व्याकरणात मात्र हिला ‘समुच्चयबोधक’ म्हणतात. त्यामुळे हिंदी वाचकापुढे ‘उभयान्वयी’ हे एक कठीण संस्कृत विशेषण म्हणून उभे राहते. त्यातला शाळकरी, मिस्कील व्याकरणाचा अंश त्याच्यापर्यंत येत नाही. नदीकडे ‘आणि’ म्हणून पाहणे ही कल्पना नर्मदेच्या ज्या काठावर हिंदी बोलली जाते, तेथे भाषांतरात सांडते. जबलपूर नेमके त्याच काठावर आहे.

या रूपकाचे भौगोलिक मोल मोठे आहे. नकाशाच्या संस्काराने नदी आपल्याला बहुधा सीमारेषा वाटते; नर्मदा तर उत्तर आणि दक्षिण यांची परंपरागत सीमा. पूजेच्या संकल्पात यजमान नदीच्या कोणत्या तीरावर आहे याचा उच्चार होतो, आणि कालगणना शालिवाहन शकाची की विक्रम संवताची, हेही त्याच संकल्पात ठरते. कालेलकर त्याच नदीला जोडणारी म्हणतात. ऱ्हाईन फ्रान्स आणि जर्मनी यांना तोडते की जोडते, रिओ ग्रांदे काय करते, याविषयी दहावीच्या वर्गात वाद घालता येतो आणि तो राज्यशास्त्राच्याही कामाचा असतो. तथापि कालेलकरांच्या लेखनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांच्या नद्या प्रायः लोकमाता आहेत. मातेच्या रूपकात पुराचे, गाळाचे, पाणीवाटपाच्या तंट्याचे काय करायचे, याचे उत्तर नेहमी मिळत नाही. जोडणारी नदी हा राष्ट्रीय चळवळीच्या काळातील आशावादही होता, आणि पुढच्या अर्धशतकात नर्मदेच्याच पाण्यावरून राज्याराज्यांत लवादापर्यंत प्रकरण गेले.

साहित्यातून भूगोल शिकविण्याचे जाणीवपूर्वक प्रयोग युरोपात झाले आहेत. फ्रान्समध्ये 1877 साली ‘जी. ब्रूनो’ या टोपणनावाने ओग्युस्तीन फुये यांनी दोन मुलांच्या फ्रान्सप्रदक्षिणेची कथा शाळांसाठी लिहिली. लोरेन गमावल्यानंतरच्या त्या देशात, दोन अनाथ भावंडे गावोगाव हिंडत उद्योग, पिके, नद्या शिकतात आणि शेवटी राष्ट्र शिकतात. स्वीडनमध्ये शिक्षकांच्या संघटनेने सेल्मा लागरलॉफ यांच्याकडे भूगोलाचे वाचनपुस्तक मागितले. त्यातून 1906-07 मध्ये निल्स होल्गरसनचा हंसाच्या पाठीवरून झालेला अद्भुत प्रवास आला. कथनाच्या दृष्टीने या दोन कृतींत मूलभूत भेद आहे. ब्रूनोची मुले रस्त्याने जातात, म्हणून प्रदेश क्रमाने, एकामागून एक उलगडतो. निल्स वरून पाहतो. शेते चौकटीच्या कापडासारखी दिसावीत, ही नकाशाचीच दृष्टी होय. पहिल्यात प्रदेशाची रेषा होते, दुसऱ्यात त्याचे पृष्ठ होते.

नर्मदा-परिक्रमेचे कथन या दोहोंत बसत नाही. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती कोठेही ओलांडायची नाही, एका काठाने समुद्रापर्यंत जायचे आणि दुसऱ्या काठाने परत यायचे, हा नियम. त्यामुळे 1312 किलोमीटर लांबीच्या या नदीकाठचे बहुतेक प्रत्येक स्थळ यात्रेकरू दोनदा पाहतो : एकदा पायाखाली, एकदा पलीकडच्या तीरावर. नकाशा नदीला निळ्या रेषेत बसवितो आणि दोन्ही काठ एकाच क्षणी दाखवितो. परिक्रमा ते मुद्दाम वेगळे करते. जगातल्या किती नदी-कथनांत अशी रचना आढळेल? ट्वेनच्या मिसिसिपीवरील ग्रंथात नाविक प्रवाहाच्या मध्यावर असतो. क्लाउदियो माग्रीसच्या 1986 च्या ‘डॅन्यूब’मध्ये निवेदक उगमापासून मुखाकडे एका दिशेने सरकतो. परत येणारे, काठ बदललेले कथन हे परिक्रमेचे वेगळेपण आहे आणि तुलनाकारांनी त्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

मराठीत परिक्रमेवर विपुल लिहिले गेले. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्यात आजही अग्रस्थानी आहे. पण तिच्यातला भूप्रदेश निवेदकाच्या अंतःकरणाच्या अवस्थांना साथ देण्यासाठी येतो. वर्गात तिच्यावरून वाट आखायला बसले तर विद्यार्थी लवकरच नकाशा सोडून यशोदेकडे वळतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. नंतरच्या काळातील लोकप्रिय परिक्रमाकथनांत अनुभूती आणि चमत्कार इतके दाटीने येतात की घाट, ओढे, जंगल ही केवळ स्थानके उरतात. भूगोलाच्या शिक्षकाला त्यांतून फार काही मिळणार नाही.

त्याला अमृतलाल वेगड हवेत. कच्छी कुटुंबात 1928 मध्ये जबलपूरला जन्मलेले, शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले आणि जबलपूरमध्येच कलाशिक्षक झालेले वेगड 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याकडे चालू लागले. त्यांनी परिक्रमा तुकड्या-तुकड्यांनी, वर्षानुवर्षे केली, हिंदी आणि गुजराती दोन्हींत लिहिली. नर्मदेवरील गुजराती पुस्तकाला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या गद्यात श्रद्धा आहे, पण ती डोळ्याला झापड लावत नाही. रेखाटन करणाऱ्याची नजर खडकाचा पोत, बाजारातली वस्तू, बायकांच्या डोक्यावरच्या ओझ्याची ठेवण टिपते. तुकड्यांच्या प्रवासामुळे ऋतू बदलतात, आणि एकाच नदीची वेगवेगळ्या ऋतूंतली पाणीपातळी वाचकाला दिसते. पाठ्यपुस्तकातील नदी वर्षभर एकाच रुंदीची असते.

वेगड त्या पहिल्या वाटेवर चालले तेव्हा बरगीचे धरण पूर्ण व्हायचे होते. ते 1990 मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच्या जलाशयाने मंडला, सिवनी व जबलपूर जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक गावांना झळ पोचविली. त्यामुळे सर्वेक्षण खात्याचा जुना नकाशा, आजचे उपग्रहचित्र आणि वेगडांचे जबलपूर–मंडला प्रकरण ही तीन साधने एका टेबलावर मांडली, तर वर्गाला जलाशय ही संज्ञा पाठ करावी लागणार नाही. कोणता घाट कोठे होता, कोणते गाव पाण्याखाली गेले, तेथून लोक कोठे गेले, हे विद्यार्थी स्वतः शोधतील; काहींच्या घरी त्याची उत्तरेही असतील. आस्वान किंवा चीनमधील तीन घळींचे धरण यांचा पाठ त्यानंतर यावा.

जबलपूर जगाच्या भूगोलात आणखी एका वाटेने आहे, आणि ती वाट शब्दाची आहे. 1828 मध्ये स्लीमन यांना याच शहराजवळ जी जीवाश्म हाडे सापडली, त्यांवरून 1877 मध्ये लिडेकर यांनी टायटॅनोसॉरस या डायनोसॉरचे नामकरण केले. मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये येथील खडकांच्या मालिकेसाठी ‘गोंडवाना’ हे नाव योजले, आणि 1885 मध्ये एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेच्या लुप्त महाभूमीला ‘गोंडवानालँड’ म्हटले. गोंडांचे नाव अशा रीतीने अंटार्क्टिकापर्यंत गेले. पण ज्या गढा-मंडल्याच्या राज्यावर राणी दुर्गावतीने 1564 मधील मृत्यूपर्यंत सत्ता चालविली, त्यातला गढा आज जबलपूर शहराचाच भाग आहे, हे खंडवहनाच्या प्रकरणात येत नाही. ते इतिहासाच्या पुस्तकात, वेगळ्या तासाला. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांचे कडे जुळवून दाखविणारे चित्र समोर ठेवून शिक्षकाने मदनमहालच्या टेकडीकडे बोट दाखविले, तर त्या वर्गातील गोंड मुलाला आपल्या आडनावापेक्षा मोठे असे काहीतरी नकाशावर सापडेल. बरगीच्या विस्थापितांत गोंड कुटुंबेही आहेत, हे शिक्षकाला ठाऊक असलेले बरे.