दिवाळीचा किल्ला : चित्र आणि प्रतिकृती

लहान आकाराचे सैनिक रंगवून त्यांच्याभोवती भूप्रदेश उभारण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी आढळतो. प्रशियात राइसविट्झने १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मेजावरचे युद्ध नियमबद्ध केले, एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या घरगुती लढाईला नियम घालून दिले. पुढे साहसकथांच्या धर्तीवरील युद्धखेळांत अरण्ये आणि भग्न मंदिरेही मेजावर आली. महाराष्ट्रात या छंदाचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे दिवाळीत अंगणात केला जाणारा किल्ला होय. बालपणीच्या आठवणींचा विषय म्हणून त्याच्याविषयी जिव्हाळ्याने बोलले जाते. परंतु रचना म्हणून त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषाने करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाषेचे साहाय्य होते. किल्ल्यावर मांडावयाच्या मातीच्या बाहुल्यांना बोलीत ‘चित्रे’ म्हणतात. त्यांना तीन मिती असूनही हा शब्द रूढ आहे, आणि तो अर्थपूर्ण आहे. मूर्ती पूजिली जाते, प्रतिकृती मूळ वस्तूशी ताडून पाहिली जाते, चित्र मात्र मांडले जाते. मूर्तीला श्रद्धेची अपेक्षा असते, प्रतिकृतीला मापाची, चित्राला केवळ योग्य जागेची.

चित्राचे हे तत्त्व किल्ल्याच्या प्रत्येक अंगात दिसते. दगडविटांच्या ढिगावर गोणपाट टाकून त्यावर चिखलाचा थर दिला जातो. हळीव वा मोहरी पेरून हिरवळ आणली जाते. सिंहासनावरील महाराज बुरुजाहून उंच असतात, दारावरचा मावळा दरवाजात मावत नाही, आणि गुहेतला वाघ बैलगाडीएवढा असतो. युद्धखेळात सारे सैनिक 28 मिलिमीटर यांसारख्या एकाच प्रमाणात घडविलेले असतात, कारण तेथे अंतर मोजून डाव खेळावयाचा असतो. येथे मोजावयाचे काहीच नाही. आकार अंतरावरून ठरत नाही, मानावरून ठरतो. रंगकामही याच न्यायाने चालते. साच्यातून काढलेल्या बाहुलीवर आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग अंगरखा व पागोटे, आणि शेवटी डोळे व मिशा. छटा आणि सावली यांचा सोस नसतो. दोन हातांवरून मावळा ओळखू आला म्हणजे काम झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या किल्ल्याला शत्रू नसतो. साताऱ्यातील मुलाच्या डोळ्यांसमोर अजिंक्यतारा उभा असतो. त्या गडाला डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत औरंगजेबाच्या सैन्याचा वेढा होता, आणि सुरुंग उडविताना वेढा घालणाऱ्यांचीच मोठी हानी झाली. अंगणातल्या किल्ल्यात त्या वेढ्याचा मागमूस नसतो. वर दरबार, तटावर पहारा, पायथ्याशी विहीर, पाणी नेणारी बाई, नांगरणारा शेतकरी : ही युद्धाची मांडणी नव्हे, नांदत्या राज्याची आहे. सांगलीचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील गणेशदुर्ग हा सपाटीवरचा, खंदकाचा भुईकोट. तरीही सांगलीच्या अंगणात उभा राहतो तो डोंगरी किल्लाच. जवळच्या किल्ल्याची नक्कल करणे हा हेतू असता, तर तेथे खंदक आधी खणला गेला असता. किल्ला पाहून किल्ला केला जात नाही. ‘गड’ या कल्पनेचे ते उच्चारण असते.

अलीकडच्या स्पर्धांनी मात्र ‘प्रतिकृती’ हा निकष पुढे आणला आहे. प्रतापगड वा राजगड नावानिशी करावा, बुरुजांची संख्या जुळावी, प्रत्येक वास्तूवर नावाची चिठ्ठी असावी, अशी अपेक्षा असते. या निकषाचा लाभ नाकारता येणार नाही. माची, बालेकिल्ला, चिलखती बुरूज, चोरदरवाजा हे शब्द त्यामुळे मुलांच्या तोंडी टिकतात, आणि नकाशा करण्यापूर्वी गड पायाखाली घालावा लागतो. प्रतापगडासह 12 किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर या अभ्यासाचे महत्त्व वाढलेच आहे. परंतु चिठ्ठीची गरज भासते तेथे मांडणीने बोलणे सोडलेले असते. प्रतिकृतीत शेतकऱ्याला जागा उरत नाही, कारण नकाशात तो नसतो. आणि महाराज प्रमाणात बसविले की दिसेनासे होतात. शिवाय मापाची अचूकता वडीलधाऱ्यांच्या हातांची मागणी करते; मूल साहाय्यक होते आणि किल्ला मोठ्यांचा होतो.

सारांश, दोन्ही प्रकारांना स्थान आहे; दोहोंना एकच मापदंड लावणे तेवढे चुकीचे आहे. प्रतिकृतीचे परीक्षण गडाच्या माहितीवर व्हावे. चित्रमय किल्ल्याचे परीक्षण करताना मात्र पाहावयाचे ते इतकेच, की कोणाला कोठे बसविले आहे, आणि त्यातून करणाऱ्या मुलाला राज्य म्हणजे काय वाटते. वाकड्या बुरुजासाठी गुण कापणारा परीक्षक व्याकरणाची चूक काढत नसतो. तो एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेच्या नियमांनी तपाशीत असतो.