कोयत्यातली बाई आणि कलेची नोंद

स्थलांतरितांच्या वस्तीत बाईच्या कष्टांचा गौरव कलेने कसा करावा, हा प्रश्न बारामती-इंदापूर पट्ट्याला परका नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस वाढला; माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. दरवर्षी गळीत हंगामात बीडकडची ऊसतोड कुटुंबे येतात आणि कोप्यांची वस्ती बसते. तिथला हिशेब 'कोयत्या'चा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. कागदावर मात्र तिचा स्वतंत्र आकडा नसतो.

महिला दिनाच्या फलकांवर ती दिसते: डोईवर मोळी, कडेवर मूल, चेहरा हसरा. चित्र देखणे असते, पण ही बाई कोण, हे त्यातून कळत नाही. कष्टाचे कौतुक होते, कष्टाची किंमत झाकली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. हसऱ्या फलकात ही गोष्ट मावत नाही.

स्थलांतरितांनीच घडवलेल्या धारावीत २०१५ साली 'स्नेहा' या संस्थेच्या पुढाकाराने 'अ‍ॅली गल्ली बिएनाले' भरली. तीत 'मॅपिंग द हर्ट' हा धारावीचा कापडी नकाशा होता. बायकांवरील हिंसेचे अनुभव त्यावर शिवून मांडले होते. या कामाचे मोल माध्यमातच आहे. कापड आणि सुई-दोरा बायकांच्या रोजच्या हातातले. शिवायला बसलेली बाई केवळ चित्राचा विषय राहत नाही, ती सांगणारी होते. मर्यादाही नोंदवली पाहिजे. हा नकाशा दुखापतीचा आहे. वस्ती ज्यांच्या श्रमावर चालते, त्या श्रमाचा नकाशा वेगळा काढावा लागेल.

त्यासाठी दूर जायला नको. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. इंदापूर तालुक्यातल्या बायकांचाही त्यात वाटा आहे. ओवी सर्वांची, तिचा मूळ कर्ता सांगता येत नाही. तरीही गाणारणीचे नाव आणि गाव तिथे टिपले गेले. सामूहिक कला म्हणजे निनावी कला, हा समज त्याने खोडून काढला.

ऊसतोड बाईचे स्मारक करायचे तर पुतळा नको. कोपीतल्या बायकांनीच हंगामाची गोधडी शिवावी: कुठून आलो, किती फड तोडले, किती मोळ्या वाहिल्या, अंग कुठे दुखले. शिवणारीचे नाव तीवर असावे, आणि ती गोधडी कारखान्याच्या सभागृहात टांगली जावी. गोधडीवर बाईचे नाव आणि हिशेबाच्या वहीत फक्त 'एक कोयता', हे दोन्ही एकाच आवारात दिसले, तर वहीतली नोंद बदलण्याची मागणी करायला बळ येईल.