रंगभवन गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

आयटीत काम करत असाल तर असा एक सिनिअर तुम्हाला भेटलाच असेल. केस आता विरळ, पण एकेकाळी खांद्यापर्यंत होते म्हणे. चहाला उतरलो की गाडी 'आय-रॉक'वर येते. धोबी तलावचं रंगभवन, वर उघडं आकाश, काळे टी-शर्ट, माना हलवणारी हजारो पोरं. आणि मग ठरलेलं वाक्य : "तुमच्या पिढीला सीन म्हणजे काय ते कळणारच नाही."

हा माणूस खोटं बोलत नाही. इंडिपेन्डन्स रॉक फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये सुरू केलं आणि ते बरीच वर्षं रंगभवनात झालं. त्याआधी, १९७८ मध्ये, त्याच जागेत जॅझ यात्रा झाली होती. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढलं, तेही मुंबई-दिल्लीतून नाही, तर अलाहाबादहून. इंटरनेट नसताना हे सगळं उभं करणाऱ्यांबद्दल मला खरोखर आदर आहे. खटकतं ते त्याचं आज जे देवघर झालंय ते.

कॅसेटवरून कॅसेट भरली की प्रत्येक कॉपीत खरखर वाढते, हे त्या पिढीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आठवणींच्या कॉप्यांचं उलटं होतं. दर वेळी सांगताना थोडी खरखर गाळली जाते. त्या काळच्या बहुतेक बँडांचा बराच वेळ परदेशी गाण्यांच्या कव्हर्समध्ये जायचा, हे गाळलं जातं. रॉक मशीनसारखे स्वतःची गाणी रेटणारे थोडे होते, म्हणून तर त्यांचं नाव टिकलं. मंचावरची भाषा जवळजवळ कायम इंग्रजी असायची, हेही गाळलं जातं. माझे बाबा तेव्हा कॉलेजात होते, मुंबईतच. त्यांना रंगभवन माहीत होतं ते बसच्या खिडकीतून.

आणि 'अंडरग्राउंड' हा शब्द कुणासाठी वापरायचा, हे कोणी ठरवलं? त्याच काळात दर सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर भीमगीतांच्या कॅसेट विकल्या जात होत्या. छोट्या कंपन्या, स्वस्त छपाईची कव्हरं, गावोगावचे गायक, कव्वालीचे मुकाबले. रेडिओ-टीव्हीच्या मुख्य धारेला फारसं न विचारता हा माल ट्रेनने महाराष्ट्रभर जायचा. स्वतःचे कलाकार, स्वतःचं वितरण, स्वतःचा श्रोता, वर व्यवस्थेशी उघड भांडण. अंडरग्राउंडच्या व्याख्येतला एक तरी मुद्दा इथे कमी पडतो का? पण सीनच्या आठवणी सांगणाऱ्या लेखांत ही वाट सहसा दिसत नाही. तिथे गिटार नव्हती, एवढाच काय तो तिचा दोष.

मग आजचं काय? फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' आला आणि त्याच महिन्यात स्पॉटिफाय भारतात आलं. त्यानंतर सगळं बाजारू झालं, अशी तक्रार असते. पण त्याच वर्षीचं 'द वारली रिव्होल्ट' ऐका. स्वदेशी हा मुंबईचा बहुभाषिक हिपहॉप गट, आणि सोबत आरेच्या पाड्यावरचे आदिवासी कार्यकर्ते-कलाकार प्रकाश भोईर. आपल्याकडे लोकसंगीताचा आवाज फ्युजनमध्ये बहुतेक वेळा कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरतात. इथे तसं नाही. भोईरांचा आवाज गाण्याचा कणा आहे, रॅप त्याच्याभोवती उभा राहतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीतून झाडं पडली. तेव्हा हे गाणं आमच्या फोनवर आधीच होतं.

किंवा अमरावतीचा १००आरबीएच घ्या. शंभर म्हणजे सौ, पुढची अक्षरं जोडा, की सौरभ. तो मराठीत रॅप करतो तेव्हा मला अर्थ शोधायला बुकलेट लागत नाही. माझ्या आजीलाही लागणार नाही (शिव्यांचं मी सांभाळून घेईन). हे रंगभवनाला कधी जमलं नव्हतं.

सिनिअरची एक गोष्ट मात्र मला पूर्ण पटते, फक्त ती तो चुकीच्या नावाने सांगतो. हरवलंय ते 'स्पिरिट' नाही, जागा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाशेजारी झेवियर्स कॉलेज, जवळ हॉस्पिटलं. पुढच्या काही वर्षांतच तिथले मोठे आवाजाचे कार्यक्रम थांबले. नियम बरोबरच आहे. पेशंटला झोप हवी, डबल बास ड्रम नको. पण त्या सरकारी जागेच्या बदल्यात शहराने तरुण पोरांना दुसरी तशी स्वस्त जागा द्यायला हवी होती, ती दिली नाही. ती पोकळी पबांनी भरली.

आणि पबात वय लागतं. महाराष्ट्रात बीअर-वाइनला एकवीस, कडक दारूला पंचवीस. त्यामुळे गाणं ऐकायलाही दारात आधार कार्ड. गेल्या वर्षी मी माझ्या एकोणीस वर्षांच्या मामेभावाला एका रॅपरच्या शोला घेऊन गेलो. त्या रॅपरचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. बाउन्सरने कार्ड बघून त्याला बाजूला केलं. "दारू नाही पिणार, लिहून देतो" म्हणूनही उपयोग झाला नाही. आम्ही फुटपाथवर उभं राहून भिंतीतून येणारा बास ऐकला. आत टेबलांवर बसलेले लोक बहुतेक माझ्या वयाचे किंवा मोठे होते. किमान बिलाची अट परवडते ती आमच्यासारख्या पगारदारांनाच.

मग उरतो फोन. तिथे वय कोणी विचारत नाही, पण हिशेब वेगळा आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार स्ट्रीम्स झाले नाहीत तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला रॉयल्टीच मिळत नाही. इंजिनीअर म्हणून मला ही थ्रेशोल्ड समजते, कोड एका ओळीचा असेल. पण ज्याची गाणी आठशेवर अडकतात, त्या पोराकडे शो करायला खोलीही नसेल तर ते वरचे दोनशे श्रोते त्याने भेटायचे कुठे?

काही जण बागेत, रस्त्याच्या कडेला सायफर भरवतात. गोल उभं राहायचं, एकाने तोंडाने बीट द्यायचा, बाकीच्यांनी पाळीपाळीने रॅप करायचा. तिकीट नाही, टेबल नाही, पंधरा वर्षांचं पोरगंही आत शिरतं. मामेभाऊ आता तिकडेच जातो. वॉचमन येऊन हाकलेपर्यंत चालतं म्हणे.